चार तारे, पाचवा एसीच्या वाऱ्यात गेला

मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही. एसटीतून उतरलं की पाट्या वाचत वाचतच चालायचं. त्यातलंच हे एक डोळ्यांचं क्लिनिक. पहिला मजला, खाली मेडिकल, जिना अरुंद आणि कठडा एकाच बाजूला. आठ महिन्यांत माझ्या सहा फेऱ्या झाल्या, त्यातली एक रविवारची. तेवढ्या अनुभवावर लिहितेय.

मी जयसिंगपूरला ब्लाऊज शिवते, 31 वर्षं झाली. कटोरी, प्रिन्सेस कट, अस्तराचे, बिनअस्तराचे, सगळे. फॉल-पिको पण करते. म्हणजे माझं पोट डोळ्यांवर आणि बोटांवर चालतं, आणि दोन्ही एकदमच रुसले होते. फक्त ते एकदम रुसलेत हे मला दीड वर्ष कळलं नाही.

डोळ्यांत रेती पडल्यासारखं व्हायचं. दुपारी चारनंतर सुई ओवायची म्हटलं की दोरा दोन दिसायचा. पापणी मिटली की घटकाभर साफ, पुन्हा धुरकट. गावातल्या चष्मेवाल्यानं चौदा महिन्यांत तीनदा नंबर बदलून दिला. तीन चष्मे कपाटात पडलेत, कुणाला हवे असतील तर न्यावेत. मग मेडिकलवाल्यानं लाली जाणारे थेंब दिले. लाली तासाभरात जायची आणि संध्याकाळी सावत्र बहिणीला घेऊन परत यायची. हे असं का होतं ते मला नंतर क्लिनिकमध्ये कळलं. ते थेंब डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि औषधाचा जोर ओसरला की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात. कोरडेपणाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

बोटांचं निराळंच चाललं होतं. सकाळी उठल्यावर तासभर मुठी वळायच्या नाहीत. पिठाचा गोळा तळव्यानं दाबायचा, बोटांनी नाही, अशी युक्ती मी शोधून काढली होती. हे म्हणायचे, ‘एवढी वर्षं कात्री चालवलीस, आता कात्री बोलणारच.’ मलाही ते पटलं होतं. डोळ्याला चष्मेवाला, बोटांना तिळाचं तेल, अशी वाटणी करून टाकली होती.

पहिल्या दिवशी नंबर लावून एक तास चाळीस मिनिटं बसले. त्याबद्दल पुढं सांगते, कारण तारा तिथंच गेला. आत गेल्यावर मॅडमनी आधीचा केसपेपर मागितला. तो काढायला मी पर्सची चेन ओढायला लागले, ती ओढवेना. अंगठा आणि मधल्या बोटात धरून, दातांनी धरायच्या बेतात आले होते, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, ‘ताई, राहू दे. हात दाखवा.’

मी म्हटलं, ‘डोळे दाखवायला आलेय.’

‘डोळे कुठं पळून जात नाहीत. हात द्या.’

दोन्ही हातांचे बोटांच्या मुळाशी असलेले सांधे त्यांनी एकेक करून दाबले. उजव्या हाताचं दुसरं आणि तिसरं बोट दाबल्यावर माझ्या तोंडून हाय निघाली. सकाळी किती वेळ आखडतात, दोन्ही हातांना सारखंच होतं का, असं विचारलं. मग विचारलं, ‘भाकरी पाण्याशिवाय घशाखाली उतरते का?’

मी हसलेच. दोन वर्षं झाली, माझ्या ताटाशेजारी तांब्या असतोच. शाळूची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी म्हणजे घासागणिक घोट. रात्री उशाशी पण तांब्या. घरी सगळ्यांनी त्याला उष्णता ठरवलं होतं. सब्जा झाला, गुलकंद झाला. हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. डोळ्याचा डॉक्टर भाकरीचं विचारील अशी अपेक्षा तरी कशी करायची?

मग घरच्या सगळ्या गोळ्या सांगायला लावल्या. कापडाचे बारीक तंतू उडतात म्हणून मला शिंका येतात, त्यावर रोज रात्री मी एक सर्दीची गोळी घ्यायचे. मॅडम म्हणाल्या, ती नाक सुकवते तशी डोळेही सुकवते. ती बंद केली. आता तोंडाला फडकं बांधून कापते.

आता तपासणी. ही मला फार आवडली, कारण तिच्यात टेप होती. पाच मिलिमीटर रुंदीची, साडेतीन सेंटिमीटर लांबीची टिपकागदाची पट्टी. आपल्या पायपिंगला तिरकी पट्टी कापतो तिच्याहून अरुंद. तिचं टोक दुमडून खालच्या पापणीत बाहेरच्या बाजूला अडकवतात आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं. अश्रूंनी पट्टी किती भिजली ते मोजायचं. दहा-पंधरा मिलिमीटर भिजली तर चांगलं, पाच किंवा त्याखाली म्हणजे गडबड. या पट्टीला शिर्मर टेस्ट म्हणतात. शिर्मर नावाच्या जर्मन डॉक्टरनं 1903 साली काढलेली युक्ती, अजून तशीच चालते. माझी उजवी पट्टी 3 भिजली, डावी 4. ब्लाऊजच्या मापात तीन मिलिमीटर इकडंतिकडं झालं तर गिऱ्हाईक परत येतं, म्हणून मी ती पट्टी हातात घेऊन स्वतः बघितली. खरंच तीनच.

मग नारंगी टोकाची दुसरी पट्टी पापणीला लावली. डोळ्यात पिवळा रंग पसरला. निळा दिवा लावून, पापणी न लववता बघत राहायला सांगितलं. मॅडम मोजत होत्या. डोळ्यावरचा अश्रूंचा थर चार सेकंदांत फुटला. चांगल्या डोळ्यात तो दहा सेकंद तरी टिकायला हवा. शेवटी हिरवा रंग. जिथली कातडी सोलवटलेली असते तिथं तो चिकटतो. असिस्टंट मुलीनं फोनवर फोटो काढून दाखवला: बुबुळाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या भागावर हिरवे ठिपके, खडूनं खुणा करतो तसे. बाहेर येऊन आरशात पाहिलं तर डोळे हिरवे-पिवळे आणि रुमाल हळदीचा. रुमाल साध्या पाण्यानं निघाला, घाबरू नका.

यानंतर मॅडमनी वही ओढून घेतली आणि समजावलं. मला जसं कळलं तसं माझ्या भाषेत सांगते. अश्रू म्हणजे नुसतं पाणी नव्हे. आत डोळ्याला चिकटून राहणारा चिकट थर, ते अस्तर. त्यावर पाणी, ते कापड. सगळ्यात वर तेलाचा पातळ हात, ती खळ. खळ नसली तर पाणी उडून जातं, अस्तर नसलं तर पाणी डोळ्यावर धरत नाही. माझं कापडच कमी येत होतं. कारण माझ्या अंगातल्या ज्या पांढऱ्या पेशींनी जंतूंशी भांडायचं, त्याच बोटांच्या सांध्यांत घुसल्या होत्या आणि तशाच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींत ठाण मांडून बसल्या होत्या. एकच दाह, जागा तीन.

आणि त्यात एक चक्र आहे. पाणी कमी झालं की उरलेलं खारट होतं. त्या खारटपणानं डोळ्याच्या वरच्या पेशी चिडतात आणि दाहाची रसायनं सोडतात. त्या रसायनांनी अस्तर तयार करणाऱ्या पेशी मरतात. अस्तर गेलं की थर आणखी लवकर फुटतो, आणि खारटपणा आणखी वाढतो. मी म्हटलं, ‘बॉबिनचा ताण बिघडल्यासारखं. खाली गुंता होतो, गुंत्यानं सुई वाकते, वाकलेली सुई दोरा तोडते, आणि आपण दोरा बदलत बसतो.’ मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. म्हणाल्या, पुढच्या पेशंटला सांगीन. तीन चष्मे म्हणजे मी दोराच बदलत बसले होते.

या दुखण्याचं नाव श्योग्रेन. स्वीडनमधल्या एका डॉक्टरचं नाव आहे, त्यानं 1933 साली 19 बायकांवर प्रबंध लिहिला. डोळे कोरडे, तोंड कोरडं आणि बहुतेकींचे सांधे सुजलेले. तोही डोळ्यांचाच डॉक्टर, हे मला फार बरं वाटलं. हा आजार नऊ बायकांमागं एका पुरुषाला होतो म्हणे. माझी भाची फार्मसी शिकलेय, ती म्हणाली, ‘आत्या, नाव अवघड आहे पण तू तिथं एकटी नाहीस.’

रक्ताच्या तपासण्यांची यादी दिली: दाह बघायला ईएसआर आणि सीआरपी, आमवातासाठी आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, श्योग्रेनसाठी एएनए आणि अँटी-रो. त्या सगळ्या आपल्याच लॅबमध्ये करा असा हट्ट धरला नाही. मी गावात केल्या. रिपोर्ट बघून मॅडमनी स्वतः औषध सुरू केलं नाही, कोल्हापूरच्या संधिवाताच्या डॉक्टरांना दोन ओळींची चिठ्ठी दिली. त्या डॉक्टरांनी निदान पक्कं केलं: आमवात, आणि त्याच्याबरोबर श्योग्रेन. दाह दाबणारी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच (रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून कॅलेंडरवर रविवारी लाल खूण), फॉलिक अ‍ॅसिड आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. ही शेवटची गोळी वजनाच्या हिशेबात द्यावी लागते, किलोमागं दिवसाला 5 मिलिग्रॅमच्या वर नाही, कारण वर्षानुवर्षं घेतली तर डोळ्याच्या पडद्याला धोका असतो. म्हणून पुन्हा मिरजेला येऊन पडद्याचा स्कॅन आणि नजरेच्या घेराची तपासणी करून ठेवली, आज पडदा कसा आहे याची नोंद म्हणून. डोळ्याच्या डॉक्टरनं सांध्याच्या डॉक्टरकडं धाडलं आणि सांध्याच्या डॉक्टरनं परत डोळ्याच्या. या फेरीत दोघांनीही एकमेकांना नावं ठेवली नाहीत, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी एक स्पष्ट सांगितलं, ते इथं लिहायलाच हवं. या गोळ्यांनी सांधे सुधारतील, पण गेलेले अश्रू परत येतील असं धरून चालू नका. डोळ्याचं डोळ्याला करावंच लागेल.

तर डोळ्याचं. पहिले दोन आठवडे सौम्य स्टेरॉइडचे थेंब, डोळ्याचा दाब मोजून, आणि संपल्यावर बाटली टाकून द्यायची सक्त ताकीद. (आमच्या गल्लीत एकजण मेडिकलमधून असले थेंब वर्षभर आणत होता. मोतीबिंदू लवकर आला.) दिवसातून सहा-सात वेळा कृत्रिम अश्रू, तेही बिनप्रिझर्व्हेटिव्हचे. साध्या बाटलीत टिकण्यासाठी जे घातलेलं असतं ते एवढ्या वेळा घातलं की डोळ्यालाच खातं. महाग पडतात, पण इथं काटकसर करू नका.

आणि सायक्लोस्पोरिनचे थेंब, 0.05 टक्के, दिवसातून दोनदा. हे मुख्य. यानं त्या ठाण मांडलेल्या पेशींना आवर बसतो. किडनी बदललेल्या लोकांना हेच औषध पोटातून देतात, आणि ते मुळात नॉर्वेतल्या मातीत सापडलेल्या बुरशीतून निघालं, हे भाचीनं सांगितलं. बुरशीचं कौतुक मला पहिल्या महिन्यात वाटलं नाही. मिरची कांडून हात डोळ्याला लागावा तशी आग, दहा-पंधरा मिनिटं. सतराव्या दिवशी मी फोन केला, बंद करते म्हणून. मॅडमनी आग होणार हे आधी सांगितलंच होतं आणि केसपेपरवर लिहूनही दिलं होतं: ‘तीन महिने थांबा.’ थांबले. अकराव्या आठवड्यात एका संध्याकाळी काज करताना लक्षात आलं की साडेपाच वाजलेत आणि मी डोळे चोळले नाहीत.

आता डोळ्यांना शेक द्यायच्या मास्कचं. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्या दाहानं तुंबतात. रोज शेक देऊन तेल पातळ करायचं, मग हलक्या हातानं वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर पुसायची. काउंटरवरच्या मुलीनं 1,450 रुपयांचा मण्यांचा मास्क दिला. घरी येऊन वाचते तर तो मायक्रोवेव्हमध्ये तापवायचा. आमच्याकडं गॅस आहे आणि चूल आहे. परत घेणार नाही म्हणाले. हे चूक आहे. विकण्याआधी एक प्रश्न विचारायचा होता. मॅडम भाकरीचं विचारतात, काउंटरला मायक्रोवेव्हचं विचारता येत नाही?

मग मी मांजरपाटाची पिशवी शिवली, आत पावशेर जवस. दोन कप्पे, मध्ये नाकासाठी जागा, मागून नाडी. मंद आचेवर तव्यात पिशवी न ठेवता नुसतं जवस कोमट करून भरते, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघते, मग डोळ्यांवर. आठ मिनिटं उष्णता धरून राहते. ओला रुमाल दोन मिनिटांत गार होतो, ते निरुपयोगी. पुढच्या फेरीला ही पिशवी दाखवली तर मॅडमनी स्वतःसाठी दोन शिवायला सांगितल्या आणि पैसे दिले, तेही न मागता.

काउंटरनं मला माशाच्या तेलाच्या कॅप्सूलही दाखवल्या. भाचीनं अडवलं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचा निकाल आला होता म्हणाली, कोरड्या डोळ्यांच्या 535 माणसांवर. निम्म्याहून जास्त लोकांना वर्षभर माशाचं तेल, बाकीच्यांना ऑलिव्हचं. दोन्हीकडं बरं वाटण्याचं प्रमाण सारखंच. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, नाही घेतल्या तरी चालेल. मग काउंटरवर का ठेवल्यात, असं विचारायचं तोंडावर आलं होतं, गिळलं. पापणीला लाइटचे झटके देण्याच्या पॅकेजचंही तेच. चार बैठका, भलीमोठी रक्कम, काउंटरनं गळ्यात मारायचा प्रयत्न केला, आणि आतून मॅडमचाच आवाज आला, ‘त्यांना आत्ता नको.’ आतलं आणि बाहेरचं क्लिनिक वेगळं आहे असं समजून जा.

आता रविवारची गोष्ट. पाचव्या महिन्यात लग्नसराईची कामं होती. मी तीन रात्री बसले, थेंब चुकले. रविवारी सकाळी उजवा डोळा उघडेना. पापणी लवली की प्रत्येक वेळी आत काहीतरी ओढलं जायचं. मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: डोळा गडद लाल झाला, आतून कुणी भोक पाडतंय असं दुखून रात्री जाग आली, उजेड सोसेना, तर त्याच दिवशी यायचं. आमवातात डोळ्याचा पांढरा पडदाच सुजू शकतो आणि त्यात नजर जाऊ शकते. मला तेच वाटलं. फोन केला. मॅडमनी स्वतः उचलला आणि अकरा वाजता क्लिनिक उघडायला लावलं. ह्यांनी मोटारसायकलवरून नेलं. अंकलीच्या पुलावर कृष्णेचा वारा लागला तेव्हा मी पदरानं डोळा झाकून रडले, म्हणजे रडायचा प्रयत्न केला. पाणी कुठलं यायला.

मशीनला हनुवटी टेकवली. मॅडम म्हणाल्या, ‘पांढरा पडदा ठीक आहे. ताई, तुमच्या डोळ्यात दोरा आहे.’

मला वाटलं थट्टा करतात. पण खरंच दोरा होता, माझ्या कपड्यांचा नव्हे. फार कोरड्या डोळ्यात अस्तराचा चिकट भाग आणि सोलवटलेली कातडी मिळून बारीक सूत वळलं जातं. त्याचं एक टोक बुबुळाला चिकटलेलं आणि दुसरं मोकळं. पापणी दर वेळी ते ओढते. बधिर करायचा थेंब घातला आणि चिमट्यानं ते उचललं. चिमट्याच्या टोकाला मी पाहिलं, दोन-तीन मिलिमीटर, साबुदाण्याच्या पेजेच्या रंगाचं. असे तीन निघाले. 31 वर्षं मी दोरे काढतेय, माझ्यातला दोरा कुणी काढला ही पहिलीच वेळ. रविवारचे जादा पैसे घेतले नाहीत, नेहमीचे फेरतपासणीचेच.

आता एसी. बसायच्या हॉलमध्ये एकवीस खुर्च्या आहेत आणि भिंतीवरच्या एसीचा झोत बरोबर मधल्या दोन रांगांवर येतो. कोरड्या डोळ्यांचे पेशंट आणखीच सुकून आत जातात. वर टीव्ही लावलाय, तो बघताना माणूस पापणी लववायचं विसरतो. नंबर दिलेल्या वेळेला एकदाही लागला नाही. सगळ्यात कमी थांबले ती पन्नास मिनिटं. मी दोनदा सांगितलं, झोताची दिशा बदला. दुसऱ्यांदा मुलगी म्हणाली, ‘काकू, रिमोट सापडत नाही.’ पुढच्या खेपेलाही सापडला नव्हता.

खर्चाचं म्हणाल तर पहिली तपासणी रंग-पट्ट्या धरून 1,800 झाली, पुढची प्रत्येक 500. थेंबांना महिन्याला अकराशेच्या आसपास जातात, तेच खरं दुखणं. आठ महिन्यांनी पट्टी उजवीकडं 5, डावीकडं 6 भिजली. थर सात सेकंद टिकतो. मुठी आता वीस मिनिटांत वळतात. सुई ओवायला मी अजून ओवणी वापरते, रात्री आठनंतर हातशिलाई करत नाही, आणि हूक-काजांना एक मुलगी ठेवलीय. तांब्या ताटाशेजारी आहेच.

जाणार असाल तर मंगळवारी किंवा गुरुवारी सकाळी जा, सोमवारी गर्दी मरणाची. घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला. मास्क घेऊ नका. जिना चढल्यावर डावीकडं पाण्याच्या कूलरजवळ तीन खुर्च्या आहेत, तिथं वारा लागत नाही. त्यातल्या मधल्या खुर्चीचा पाय हलतो.